टर्बो मोठा, मॅनिफोल्ड नवा, तरी गॅस्केट पुन्हा उडालं: दोष शोधायचा कुठे?

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. सव्वादोन लिटरच्या आसपासची डिझेल एसयूव्ही, मूळ टर्बोच्या जागी मोठ्या कॉम्प्रेसर व्हीलचा हायब्रीड टर्बो, कास्टिंगच्या मॅनिफोल्डऐवजी (इंजिनाच्या हेडमधून एक्झॉस्ट गॅस टर्बोपर्यंत नेणारा भाग) स्टीलच्या पाइपांचा चकचकीत मॅनिफोल्ड आणि वर रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग. पहिले काही आठवडे मालक खूश. मग सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक ऐकू येते. इंजिन तापलं की आवाज जातो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पुढे २००० आरपीएमच्या खाली गाडी दम टाकायला लागते, कसारा चढताना मागे काळा धूर सुटतो आणि एक दिवस राहुड घाटात चेक इंजिनचा दिवा लागून गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कमी करून टाकतो. गॅरेजवाला मॅनिफोल्डचं गॅस्केट बदलून देतो, गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळते. दोन-तीन महिन्यांनी परत तीच टिकटिक.

असं दुसऱ्यांदा झालं की तिसरं गॅस्केट विकत घेऊ नका. मॅनिफोल्ड हेडपासून कशामुळे सुटतोय ते सापडेपर्यंत कितीही महागडं गॅस्केट घातलं तरी ते तेवढेच दिवस टिकणार. हे कारण कसं शोधायचं ते खाली लिहितो. गाड्या आपल्याकडच्या, रस्ते आपल्याकडचे, म्हणून आकडेही नाशिकचेच घेतले आहेत.

आधी ऐका, मग स्कॅनर लावा

थंड इंजिनावर येणारी आणि तापल्यावर जाणारी टिकटिक बहुतेक वेळा एक्झॉस्ट गळतीची असते. धातू फुगला की फट बुजते. पण डिझेलमध्ये याचा एक तोतया आहे: इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर. तो गळायला लागला की फुसफुस-टिकटिक असाच आवाज येतो आणि मॅनिफोल्ड उगाच उतरवला जातो. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, कडक थर दिसला तर चोर वर आहे. मॅनिफोल्डच्या फ्लॅन्जवर कोरडी, बोटाला लागणारी काजळी दिसली तर चोर खाली आहे.

लोड दिल्यावर वाढत जाणारी शिट्टी असेल तर ती इनटेकच्या बाजूचीही असू शकते. इंटरकूलरच्या होजची क्लॅम्प सैल झाली किंवा होज आतून फाटला तरी धूर काळाच येतो आणि पिकअपही असाच मरतो. होजच्या जोडावर ओला तेलकट डाग आणि आजूबाजूला चिकटलेली धूळ, ही त्याची खूण. होजच्या आत तेलाचा हलका थर असतोच, तेवढ्यावरून टर्बो बाद ठरवू नका.

आता स्कॅनर. चावी ऑन, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचं (इनटेकमधला हवेचा दाब मोजतो तो) रीडिंग बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ते ९४ ते ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवं, पावसाळ्यात किंचित कमी. पुस्तकात १०१ लिहिलंय म्हणून ९४ दाखवणारा चांगला सेन्सर बदलणारे आहेत. उलट आपल्याकडे १०१ दाखवत असेल तर त्या सेन्सरवर संशय घ्या.

हा उंचीचा मुद्दा टर्बोलाही लागू होतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, निरपेक्ष दाब मागतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण. समजा त्याला २४० किलोपास्कल हवेत. मुंबईत टर्बोला हवा २.३७ पट दाबावी लागते, नाशिकमध्ये तेवढ्याच दाबासाठी सुमारे २.५५ पट. म्हणजे त्याच जोरासाठी इथे टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि टर्बाइनच्या बाजूलाही ताण वाढतो. डॅशबोर्डवर बाहेरून लावलेला बूस्ट गेज इगतपुरीला थोडा जास्त आकडा दाखवतो, म्हणून गाडी जास्त ओढतेय असं समजू नका. तो फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते सांगतो. टर्बोचा खरा उपयोग जगाला पटला तोही उंचीवरच. १९१८ मध्ये सॅनफोर्ड मॉस यांनी अमेरिकेत पाइक्स पीकवर, सुमारे ४३०० मीटर उंचीवर, लिबर्टी विमान-इंजिनाला टर्बो लावून समुद्रसपाटीची ताकद परत मिळवून दाखवली होती.

मग गाडी चालवत मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट असे दोन आलेख शेजारी शेजारी रेकॉर्ड करा. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट यासाठी उत्तम. चढ सलग आहे आणि गिअर धरून ठेवता येतो. सकाळी लवकर जा, नवरात्रात आणि चैत्रोत्सवात अजिबात नको. सोबत दुसरा माणूस हवाच, गाडी चालवता चालवता लॅपटॉप बघायचा नाही. खालच्या आरपीएमला मिळालेला बूस्ट मागे रेंगाळतो पण २५०० नंतर मागणीला गाठतो, असं दिसलं तर टर्बाइनपर्यंत गॅस पोहोचायच्या आधीच कुठेतरी निसटतोय, किंवा व्हीजीटीच्या (गॅसची वाट कमी-जास्त करणाऱ्या टर्बोच्या) पात्या काजळीने अडकल्या आहेत, किंवा टर्बाइन हाउसिंगच मोठं निवडलं आहे. खाली सगळं ठीक आणि वरच्या आरपीएमला बूस्ट कोसळतो, तर होज, इंटरकूलर, चोक झालेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांच्याकडे बघा. ही दुसरी तऱ्हा या लेखाचा विषय नाही.

गळती नेमकी कुठून

इंजिन पूर्ण थंड असताना एक्झॉस्टच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावा, फट जुन्या कापडाने बंद करा आणि मॅनिफोल्डच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. जिथे बुडबुडे, तिथे फट. स्मोक मशीन असेल तर सोन्याहून पिवळं, पण ते नसलं म्हणून काम अडत नाही. गाडीला डीपीएफ असेल तर सेन्सरचा पाइप काढून डीपीएफच्या इंजिनाकडच्या बाजूनेच हवा द्या.

बघताना ईजीआरचा (थोडा एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचा) जोड विसरू नका. बाजारातल्या कित्येक पाइप-मॅनिफोल्डवर ईजीआरचं तोंड पत्र्याची चकती लावून बंद केलेलं असतं. चकती पातळ, दोनच बोल्ट, गॅस्केट कागदी. ती सगळ्यात आधी गळते आणि शिव्या मुख्य गॅस्केटला बसतात.

आता मॅनिफोल्ड उतरवा, पण पुसू नका. उतरवायच्या आधी प्रत्येक नट किती घट्ट होता तेही नोंदवून ठेवा. जुनं गॅस्केट टेबलावर उजेडात धरलं की ते बोलायला लागतं. निरोगी जागी प्रत्येक पोर्टभोवती स्वच्छ, चमकदार कडं असतं. गळती असते तिथे ते कडं तुटतं आणि काजळीचा पंख्यासारखा पसरलेला पट्टा आतून बाहेरच्या कडेकडे जातो. हा पट्टा कोणत्या दिशेने गेला आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पट्टा एक आणि चार नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दोन्ही टोकांना असेल, टोकाचे नट सैल आणि मधले घट्ट असतील, तर मॅनिफोल्ड तापून लांबीला वाढतोय आणि त्याला सरकायला जागा नाही. पट्टा सगळ्या पोर्टच्या वरच्या कडेला असेल तर टर्बोचं वजन मॅनिफोल्डला बाहेर आणि खाली ओढतंय, वरची बाजू हेडपासून उघडतेय. एकाच पोर्टला, आणि तोही वेल्डिंगच्या शेजारी असेल, तर फ्लॅन्ज वाकडा आहे. तिन्ही एकत्र दिसले तर मॅनिफोल्ड बनवणाऱ्याला एकदा घाटात घेऊन जा.

लांबीला वाढणारा मॅनिफोल्ड

पहिल्या आणि शेवटच्या स्टडमधलं अंतर ३५० मिलिमीटर धरू. मॅनिफोल्डचं तापमान ५०० अंशांनी वाढलं तर कास्ट आयर्न साधारण दोन मिलिमीटर वाढतं. तीच लांबी ३०४ स्टेनलेसची असेल तर वाढ तीन मिलिमीटरच्या पुढे जाते. ॲल्युमिनियमच्या हेडमधून कूलंट फिरत असतं, ते ९०-१०० अंशांवरच राहतं, म्हणून ते जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. फ्लॅन्ज हेडला चिकटलेला असल्याने तो पाइपांपेक्षा थंड राहतो, पण पाइप त्याला ओढतातच. प्रत्येक वेळी तापताना ढकलणं आणि थंड होताना खेचणं चालू राहतं. त्यात कधी गॅस्केट घासून संपतं, कधी टोकाचा स्टड तुटतो, कधी वेल्डच्या कडेने तडा जातो.

कंपनीच्या कास्ट मॅनिफोल्डमध्ये याची सोय केलेली असते: मधली भोकं मापाची, टोकाकडची भोकं मोठी किंवा लांबट, म्हणजे मॅनिफोल्ड मध्यापासून दोन्हीकडे सरकू शकतो. पाइपांचा मॅनिफोल्ड करणारे सगळी भोकं एकाच ड्रिलने पाडतात. दुरुस्ती अवघड नाही. टोकाची भोकं आडव्या दिशेने दीड-दोन मिलिमीटर लांबट करून घ्या, तिथे जाड वॉशर द्या. चारही पोर्टना जोडणारा फ्लॅन्ज अखंड असेल तर पोर्टच्या मधून करवतीने कापून वेगळा करून घेतला तरी चालतो. प्रत्येक तुकडा आपापला वाढतो, दुसऱ्याला ओढत नाही.

लांब पल्ल्याच्या सलग वेगाने हा त्रास वाढतो, असं माझं निरीक्षण आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हापासून मुंबईला जाणाऱ्या गाड्या तासभर एकाच लोडवर पळतात. मॅनिफोल्ड पूर्ण तापतो, तापलेलाच राहतो, आणि पावसाळ्यात त्यावर खालून थंड पाण्याचे फवारे बसतात. त्यामुळे कंपनीचा हीट शील्ड बसत नाही म्हणून काढून ठेवला असेल तर तो ठोकून-वाकवून परत बसवा. त्याऐवजी मॅनिफोल्डला फायबरची पट्टी गुंडाळू नका. तिच्यामुळे पाइपाचं तापमान आणखी चढतं आणि इगतपुरीच्या पावसात ती ओली राहून आतला पाइप खाते.

लटकणारं वजन

सगळ्यात जास्त गाड्या इथे सापडतात आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

कंपनीच्या टर्बोखाली ब्लॉककडे जाणारी एक आधाराची पट्टी असते, स्टे ब्रॅकेट. दिसायला फडतूस, काम मोठं. टर्बो, एक्झॉस्टचं कोपर, कधी कन्व्हर्टर, हे सगळं वजन ती ब्लॉकवर घेते. नवा टर्बो थोडा मोठा, त्याची भोकं जुळत नाहीत, म्हणून ती पट्टी काढून डब्यात टाकली जाते. आता तेच वजन, उलट थोडं जास्तच, मॅनिफोल्डच्या टोकावर लटकतं आणि डिझेलच्या थरथरीत दिवसभर हलतं. कास्ट आयर्नने हे काही काळ सहन केलं असतं. पातळ स्टेनलेस पाइप गरम असताना मऊ पडतो, तो हळूहळू खाली झुकतो.

नवी पट्टी सहा मिलिमीटर माइल्ड स्टीलच्या पट्टीतून अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे तासाभरात होते. एकच काळजी घ्या: ती मॅनिफोल्डला वाढायला अडवणार नाही अशी हवी. टर्बोच्या बाजूचं भोक लांबट ठेवा आणि आधी मॅनिफोल्ड, मग टर्बो आवळून झाल्यावर सगळ्यात शेवटी पट्टी, तीही ओढूनताणून नाही, जिथे आपोआप बसेल तिथे. पट्टी जबरदस्तीने बसवली तर तीच मॅनिफोल्ड तोडते.

दुसरं वजन खालून येतं. टर्बोनंतरच्या पाइपात विणलेल्या जाळीचा लवचीक तुकडा, म्हणजे फ्लेक्स, नसेल किंवा तो कडक झाला असेल, तर इंजिन झटका खाताना पूर्ण सायलेन्सर टर्बोला हिसका देतो. थंड असताना फ्लेक्स हाताने हलवून बघा. हलत नसेल तर बदला. इंजिनाचे माउंट बसले असतील तर फ्लेक्स नवा टाकूनही तो फाटेल, तेही बघून घ्या.

फ्लॅन्ज, स्टड, आवळणी

फ्लॅन्जवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज घाला. किती फट चालते ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. माझ्या हिशेबाने ०.१ मिलिमीटरची पाती सरकली तरी फ्लॅन्ज सरफेस ग्राइंडरवर द्यायचा. वेल्डिंगनंतर फ्लॅन्ज ताणून वाकतोच, त्यामुळे ग्राइंडिंग वेल्डिंगनंतर, आधी नाही. नवा मॅनिफोल्ड आहे म्हणून सरळ असेल असं गृहीत धरू नका. हेडची बाजूही त्याच पट्टीने तपासा.

स्टड. हार्डवेअरच्या दुकानातला ८.८ चा बोल्ट इथे नको. त्याची ताकद साध्या तापमानाला मोजलेली असते, ३०० अंशांच्या वर तो लांबतो आणि नट सैल झाल्यासारखा वाटतो. एक्झॉस्टसाठीचे उष्णता सोसणारे स्टड आणि तांब्याचा मुलामा असलेले लॉकनट घ्या. जुने एकदा उतरवले की परत वापरायचे नाहीत. हेडमधला आटा गेला असेल तर हेलिकॉइल (तारेचा नवा आटा) घाला, जाडा बोल्ट ठोकून काम भागवू नका.

गॅस्केट पोलादी थरांचं घ्या, कोरडं बसवा. त्यावर सिलिकॉन लावणारा मेकॅनिक दिसला तर गाडी परत घ्या. त्याच सिलिकॉनचे तुकडे टर्बोच्या ऑइल ड्रेनमध्ये सापडतात, त्यावर पुढे येतोच. मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळा. गाडी एकदा चांगली तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासा. गरम असताना कधीच नाही.

इतकं करूनही टर्बो उशिरा येतो

गळती गेली, तरी खाली दम नाही. मग दोष निवडीत आहे. इथे थोडं स्पष्ट बोलतो.

रोजच्या डिझेल गाडीला पाइपांच्या मॅनिफोल्डचा फायदा जवळजवळ नाही. टर्बाइन फिरते ती एक्झॉस्टच्या उष्णतेवर आणि धक्क्यांवर. व्हॉल्व्हपासून टर्बाइनपर्यंतची जागा जितकी लहान आणि गरम, तितका धक्का ताजा पोहोचतो. जाड कास्टिंग हे काम चांगलं करतं. लांब, पातळ, वळणावळणाच्या पाइपांत गॅस थंड होतो आणि पसरतो. समान लांबीच्या पाइपांचा खरा उपयोग पेट्रोल इंजिनात, वरच्या आरपीएमला, रेसिंगला. चार सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल तर १-४ आणि २-३ अशी जोडी करून ट्विन-स्क्रोल, म्हणजे दोन वेगळ्या वाटांच्या, हाउसिंगला दिली की एकाचा धक्का दुसऱ्याच्या आड येत नाही. मात्र मॅनिफोल्ड ट्विन-स्क्रोलचा आणि हाउसिंग साधं असलं तर त्या मेहनतीला काही अर्थ उरत नाही.

घाटातला प्रतिसाद हवा असेल तर कंपनीचा कास्ट मॅनिफोल्ड परत लावा, व्हीजीटीची टर्बाइनची बाजू मूळचीच ठेवा, फक्त कॉम्प्रेसर व्हील किंचित मोठं घ्या. टर्बाइन हाउसिंगचा ए-आर रेशो (गॅसची वाट किती मोठी त्याचं माप) वाढवला की वरची ताकद वाढते आणि बूस्ट उशिरा येतो. दोन्ही एकदम मिळतील असं सांगणाऱ्याला आलेख दाखवायला सांगा. पात्यांच्या ॲक्च्युएटरचा स्टॉपस्क्रूही तपासा. टर्बोचा कोअर (शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग) बदलताना तो कोणीतरी अंदाजाने फिरवलेला असतो आणि त्यामुळे पात्या पूर्ण मिटत नाहीत.

रीमॅप केलेल्या गाडीत टर्बाइनच्या आधी तापमानाचा प्रोब आणि शक्य असेल तर दाबाचा गेजही बसवून घ्या. चढावर सलग ७०० अंशांच्या पुढे जायला लागलं तर डिझेल कमी करा, ७५० हा माझा लाल दिवा. टर्बाइनआधीचा दाब बूस्टच्या दुपटीपलीकडे गेला तर टर्बो इंजिनाचा गळा आवळतोय. अशा दाबाने चांगलं बसवलेलं गॅस्केटही फुटतं.

टर्बोच पुन्हा पुन्हा जात असेल

मग मॅनिफोल्ड सोडा, तेलाकडे बघा. शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो फक्त तेलाच्या थरावर तरंगत असतो. ड्रेन पाइप टर्बोपासून इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीपर्यंत (संप) सलग उतरता हवा, कुठेही पोट किंवा मुरड नको, आत सिलिकॉनचा तुकडा नको. फीड पाइप आणि बॅन्जो बोल्ट नवे. नवा टर्बो सुरू करायच्या आधी डिझेल बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर मारा. शाफ्ट बोटाने वर-खाली किंचित हलला तर हरकत नाही, पण पुढे-मागे हलता कामा नये. कसारा ओढून आल्यावर इगतपुरीला चहासाठी थांबलात तर एखाद-दोन मिनिटं इंजिन आयडलवर राहू द्या, लगेच चावी काढली की आतलं तेल जळून कोळसा होतं. द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यावर उघडा शंकूचा एअर फिल्टर लावून फिरत असाल तर कॉम्प्रेसर व्हीलच्या कडा महिन्याला एकदा टॉर्चने बघा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही. दंड प्रत्येक बदलाला ५००० रुपये आहे, कैदेचीही तरतूद आहे आणि विमा कंपनी क्लेम नाकारू शकते ती गोष्ट वेगळी. ईजीआर किंवा डीपीएफ काढलेली गाडी तर रस्त्यावर आणूच नका. ट्रॅकसाठी किंवा रॅलीसाठी वेगळी गाडी असेल तर प्रयोग तिच्यावर.

जोडणी झाल्यावर गाडी आधी गंगापूर रोडला साधी फिरवा, थंड झाली की टॉर्क, मग नांदुरीचा घाट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, फ्लॅन्जच्या वरच्या कडेवरून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर काळी रेघ आली तर मॅनिफोल्ड उतरवायच्या आधी स्टे ब्रॅकेटचा बोल्ट सैल करून बघा. बोल्ट सुटताच पट्टी टणकन बाजूला सरकली तर ती ताणून बसवलेली होती. तिचं भोक आणखी लांबट करा, आणि यावेळी तरी गॅस्केट नवंच घाला.